पहिली कादंबरी, तीही प्रेमकथा: प्रकाशक कसा शोधायचा?

मिरजेची_सायली

नमस्कार मंडळी, बरेच महिने इथे नुसती वाचत होते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय. माझी कादंबरी लिहून झालीये, साधारण 65,000 शब्द आहेत, युनिकोडमध्ये टाईप केलेली आहे, दोन मैत्रिणींनी आणि आमच्या वाचनालयातल्या एका काकूंनी पूर्ण वाचलीय. सरळ सरळ प्रेमकथा आहे. मिरजेत घडते, तो तंबोरे बनवणाऱ्या घरातला, ती सरकारी दवाखान्यात नर्स. शेवट गोड आहे आणि तो मला तसाच ठेवायचाय.

आता अडचण अशी की आतापर्यंत ज्यांच्याशी बोलले त्यातल्या एका प्रकाशकांनी सांगितलं की प्रेमकथा हल्ली कोण छापतं, तो मुसलमान आणि ती ख्रिस्ती आहे तर तुम्ही याला सामाजिक कादंबरी म्हणा, शेवट जरा बदला, मग बघू. दुसऱ्यांनी दोन दिवसांत "निवड झाली" म्हणून फोन केला आणि पाठोपाठ पॅकेज पाठवलं, 75,000 रुपये भरायचे, त्यात मुखपृष्ठ, आयएसबीएन (पुस्तकाचा ओळख क्रमांक), कॉपीराइट, प्रकाशन समारंभ आणि लेखकाला 100 प्रती. घरच्यांचं म्हणणं, पैसे भर आणि मोकळी हो. मला ते पटत नाहीये, पण दुसरा रस्ता नक्की कुठला तेही कळत नाहीये. प्रेमकथा घेणारे प्रकाशक आहेत का? पाठवायचं कसं, काय काय पाठवायचं, किती थांबायचं? ज्यांना अनुभव आहे त्यांनी प्लीज सविस्तर लिहा.

नाशिकचा_वाचक

पैसे भरू नका. बाकीचं जाणकार सांगतीलच, पण हे आधी लिहून ठेवतो. दोन दिवसांत 65,000 शब्द वाचून निवड करणारा माणूस मी तरी बघितलेला नाही, त्यांनी ते वाचलेलंच नाहीये.

मुद्रितशोधक

सायलीताई, अभिनंदन, कादंबरी पूर्ण करणं हेच मोठं काम आहे आणि ते तुमचं झालंय.

मी पुण्यात वेगवेगळ्या प्रकाशकांची मुद्रितं तपासतो, बरीच वर्षं, त्यामुळे आतून जे दिसतं ते सांगतो. आधी प्रकाशकाचं गणित बघा म्हणजे ते का कचरतात ते कळेल. 65,000 शब्द म्हणजे डेमी आकारात (कादंबऱ्यांचा नेहमीचा आकार) साधारण 240 पानं, म्हणजे सोळा पानी पंधरा फर्मे. किंमत 350 धरू. विक्रेता आणि वितरक मिळून चाळीस टक्क्यांच्या आसपास सूट घेतात, कधी जास्तच. उरलेल्या 210 मध्ये कागद, छपाई, बांधणी, अक्षरजुळणी, मुखपृष्ठ, माझ्यासारख्याचे पैसे, गोडाऊन आणि तुमचं मानधन. मानधन दहा टक्के धरलं तर प्रतीमागे 35 रुपये, 500 प्रतींची आवृत्ती संपली की तुम्हाला 17,500. नव्या लेखकाच्या 500 प्रती संपायला दोन-तीन वर्षंही लागू शकतात, तेवढा काळ प्रकाशकाचे पैसे अडकतात. तेव्हा "प्रेमकथा चालत नाही" असं म्हणतात त्याचा अर्थ बहुतेक वेळा "नवं नाव चालवायला मला वेळ नाही" एवढाच असतो. तुम्ही प्रेमकथेवर राग काढू नका आणि शेवट तर अजिबात बदलू नका.

पॅकेजचं म्हणाल तर त्यात मोजलेल्या गोष्टी एकेक करून बघा. आयएसबीएन भारतात फुकट मिळतो, दिल्लीच्या राजा राममोहन राय नॅशनल एजन्सीकडून, ऑनलाइन अर्ज करून, आणि स्वतः पुस्तक काढणारा लेखकसुद्धा तो घेऊ शकतो. म्हणजे ती "सेवा" म्हणून लावलेली किंमत कशाची हे विचारा. आणि मुख्य प्रश्न विचारा की उरलेल्या प्रती कुठल्या दुकानात जाणार, वितरक कोण. याचं उत्तर तिथे मिळत नाही, कारण धंदा लेखकाकडून झालेला असतो, वाचकापर्यंत जायची त्यांना गरजच उरलेली नसते.

प्रकाशक शोधायचा सगळ्यात खात्रीचा मार्ग म्हणजे वाचनालयात जाऊन बसा. गेल्या पाच-सहा वर्षांत आलेल्या कादंबऱ्या काढा, ज्यांत प्रेम हा मुख्य धागा आहे आणि लेखकाचं नाव तुम्हाला आधी माहीत नव्हतं अशा. आतलं माहितीचं पान उघडा. प्रकाशक कोण, पहिली आवृत्ती कधी, दुसरी निघाली का, मुद्रितशोधनाचं श्रेय दिलंय का, कॉपीराइट कुणाच्या नावावर आहे. हे सगळं त्या एका पानावर असतं. अशी दहा-बारा पुस्तकं बघितलीत की तुमची यादी आपोआप तयार होईल. मेहता, राजहंस, मौज, पॉप्युलर, रोहन, मनोविकास, साकेत, दिलीपराज ही नावं सगळ्यांना माहीत असतात म्हणून सगळे डोळे झाकून सगळीकडे पाठवतात, पण प्रत्येकाचा पिंड वेगळा आहे. कुणी अनुवाद जास्त करतं, कुणी वैचारिक. तुमची कादंबरी ज्यांच्या यादीत शोभेल तिथेच पाठवा.

पाठवताना एक पानाचं पत्र, दोन पानांत संपूर्ण कथानक (शेवटासकट, शेवट लपवू नका), आणि पहिली तीन प्रकरणं. आधी फोन करून किंवा वेबसाइटवर बघून विचारा की हस्तलिखित मेलवर घेता की छापील. फाईल युनिकोडमध्ये आणि सोबत पीडीएफ. उत्तराला तीन ते सहा महिने लागतात, तीन महिन्यांनी एक नम्र मेल करायला हरकत नाही.

अनुश्री_ठाणे

मी थोडं वेगळं सांगते. सहा-सहा महिने कुणाच्या उत्तराची वाट कशाला बघायची? मराठी प्रेमकथा आज सगळ्यात जास्त वाचली जाते ती मोबाईलवर. मी प्रतिलिपी या ॲपवर लिहिते, माझ्या वाचक म्हणजे नर्सिंगच्या मुली, लोकलने जाणाऱ्या बायका, गावाकडच्या नव्या सुना ज्यांच्या जवळपास पुस्तकाचं दुकानच नाहीये. रात्री भाग टाकला की सकाळपर्यंत कमेंट असतात, अमुक तसं का वागला, पुढचा भाग कधी. माझं लिखाण कुणी सुधारलं असेल तर या बायकांनी. कुठे कंटाळा आला ते स्पष्ट सांगतात. आणि तिथे कुणी मला कधी म्हणालं नाही की प्रेमकथेला सामाजिक म्हणा!!

शिवाय ॲमेझॉनचं किंडल आहे, मराठी ई-पुस्तक स्वतः टाकता येतं, एक पैसा लागत नाही. स्टोरीटेलसारख्या ठिकाणी ऑडिओ चालतं, आणि प्रेमकथा ऐकायला लोकांना फार आवडतात. छापील पुस्तकाचा एवढा आग्रह का?

मुद्रितशोधक

अनुश्री, तुमच्या वाचक खऱ्या आहेत आणि त्यांचं प्रेमही खरं आहे, त्यावर मी काहीच बोलणार नाही. पण सायलीताई प्रकाशक शोधतायत हे त्यांनी सुरुवातीलाच लिहिलंय, तेव्हा एक गोष्ट लक्षात घ्यावी लागेल. पूर्ण कादंबरी आधी फुकट टाकली तर बरेच प्रकाशक नंतर हात आखडता घेतात. काही उलटही असतात, वाचकसंख्या बघून स्वतः विचारतात, पण त्यासाठी संख्या डोळ्यात भरणारी लागते. मधला मार्ग म्हणजे पहिली तीन प्रकरणं टाका, किंवा त्याच पात्रांची एक स्वतंत्र कथा टाका आणि प्रतिसाद बघा. तो प्रतिसाद मग प्रकाशकाच्या पत्रात एका ओळीत लिहिता येतो.

अनुश्री_ठाणे

हे मात्र पटलं. अजून एक, किंडलवर सिलेक्ट नावाच्या योजनेत पुस्तक टाकलं की 90 दिवस ते ई-पुस्तक दुसरीकडे कुठेच ठेवता येत नाही, आणि भारतातल्या विक्रीवर 70 टक्के हवे असतील तर त्या योजनेत जावंच लागतं, नाहीतर 35. म्हणजे इथेही थोडं, तिथेही थोडं असं जमत नाही. आधी ठरवून घे सायली, काय कुठे जाणार ते.

कोल्हापूरची_वकील

दोन्ही बाजू वाचल्या. माझ्या मते प्रकाशक छोटा की मोठा, छापील की डिजिटल, यापेक्षा सही कशावर करताय हे जास्त महत्त्वाचं आहे. मध्यंतरी एका नव्या लेखिकेचा करार माझ्याकडे आला होता, त्यातलं एक वाक्य जसंच्या तसं सांगते: "लेखिका सदर साहित्यकृतीचे सर्व भाषांतील, सर्व माध्यमांतील व सर्व प्रकारचे हक्क प्रकाशकास कायमस्वरूपी देत आहे." आणि खाली मानधन म्हणून फक्त 25 प्रती. बाई आनंदाच्या भरात सही करायला निघाल्या होत्या. नशिबाने त्यांच्या भावाने आधी मला फोन केला.

कायदा लेखकाच्या बाजूने बऱ्यापैकी आहे हो, आपल्याला तो माहीत नसतो. कॉपीराइट कायदा 1957 चा. लिहिलंत त्याच क्षणी हक्क तुमचा, नोंदणी सक्तीची नाही. वाद झाला तर पुरावा म्हणून नोंदणी उपयोगी पडते, पण ती करायला कुणाला हजारो रुपये द्यायचं कारण नाही. कलम 19 प्रमाणे हक्क द्यायचे तर लेखी आणि सहीनिशीच. मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षांची धरली जाते. प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. हक्क घेऊन प्रकाशक वर्षभर ते वापरलेच नाहीत तर, करारात वेगळं काही म्हटलेलं नसल्यास, ते परत तुमच्याकडे येतात. पण बघा, हे सगळं "लिहिलं नसेल तर" आहे. "कायमस्वरूपी" लिहून सही केलीत की हे संरक्षण गेलं. म्हणून तो एक शब्द शोधा आणि खोडायला लावा.

सायली, तुझ्या करारात एवढं बघ. छापील मराठी आवृत्तीचे हक्क दे, तेही मुदतीसकट. ई-पुस्तक, ऑडिओ, अनुवाद, सिनेमा-मालिका हे वेगळे लिहून घे. प्रकाशकाला ते खरंच हवे असतील तर त्यातला तुझा वाटा किती ते आकड्यात लिहा, आणि तो छापीलच्या दहा टक्क्यांपेक्षा बराच जास्त असला पाहिजे, कारण तिथे कागदही नाही नि गोडाऊनही नाही. वर्षातून एकदा विक्रीचा हिशेब. आवृत्ती किती प्रतींची. पुस्तक संपल्यावर अमुक महिन्यांत नवी आवृत्ती नाही काढली तर हक्क परत. प्रेमकथेच्या बाबतीत ऑडिओ आणि मालिकेचे हक्क ही खरी कमाई असू शकते, ते सहज देऊन टाकू नकोस. आणि हे मागितल्यावर एखादा प्रकाशक चिडला तर चिडू दे, चांगले प्रकाशक चिडत नाहीत, ते समोर बसून बोलतात.

ग्रंथपाल_वाई

मी तालुक्याच्या ठिकाणी वाचनालय सांभाळतो. "प्रेमकथा कोण वाचतं" याचं उत्तर आमच्या देवघेवीच्या रजिस्टरमध्ये आहे. दुपारी तीन ते पाच या वेळात ज्या महिला येतात त्या पहिला प्रश्न विचारतात, नवीन काय आलंय, आणि दुसरा, फार रडवणारं नको. जुन्या प्रेमकथांच्या प्रती आमच्याकडे दोन-दोनदा बांधून घेतलेल्या आहेत, पानांच्या कडा इतक्या मऊ झाल्यात की कापडासारख्या लागतात. नव्या लेखकांच्या त्या प्रकारच्या कादंबऱ्या येतच नाहीत म्हणून त्याच त्या पुन्हा पुन्हा नेल्या जातात. मागणी संपलेली नाही, पुरवठा थांबलाय. हे मी वितरकाच्या माणसालाही दर वेळी सांगतो.

लेखकांना बहुतेक माहीत नसतं म्हणून सांगतो. राज्यात 1967 च्या कायद्याखाली अनुदान मिळणारी अ, ब, क, ड वर्गाची हजारो सार्वजनिक वाचनालयं आहेत, आणि त्यांच्या अनुदानातला काही भाग पुस्तकांसाठीच असतो. प्रकाशकाला विचारा की तुमचं पुस्तक शासनाच्या ग्रंथनिवडीसाठी पाठवणार का, राजा राममोहन राय प्रतिष्ठानच्या खरेदीसाठी पाठवणार का, जिल्हा ग्रंथोत्सवात स्टॉल लावता का. जो "हो" म्हणेल आणि कसं ते सांगू शकेल, त्याच्याकडे वितरण आहे असं समजा. पॅकेजवाल्यांच्या प्रती आमच्यापर्यंत कधी पोचत नाहीत. लेखक स्वतःच पिशवीतून घेऊन येतात, भेट म्हणून. वाईट वाटतं बघून.

परभणीचा_किरण

एक राहिलं. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना आहे, ज्यांचं एकही पुस्तक आलेलं नाही त्यांच्यासाठीच. कविता, कथा, कादंबरी, नाटक, ललित, बालसाहित्य सगळं चालतं. हस्तलिखित तज्ज्ञ वाचतात, निवड झाली की प्रकाशनासाठी अनुदान मिळतं. माझा कथासंग्रह त्यातूनच आला. मला सगळ्यात उपयोगी पडलं ते परीक्षकांचं टिपण, दोन कथा कुठे लांबल्यात ते नेमकं लिहिलं होतं. अर्ज साधारण वर्षाच्या सुरुवातीला मागवतात, मंडळाची वेबसाइट बघत राहा, नियम त्या-त्या वर्षीचे वाचा. वेळ लागतो, धीर पाहिजे. पण निवड झाली की पुढच्या प्रकाशकाकडे जाताना तुमच्या हातात काहीतरी असतं. राज्य वाङ्मय पुरस्कारांतही पहिल्या कादंबरीसाठी वेगळा पुरस्कार आहे, प्रवेशिका भरायची आठवण प्रकाशकाला करत राहा.

आणि दिवाळी अंक! मेनका, माहेर यांच्यासारख्या अंकांत प्रेमकथेला कायम जागा आहे. एखादी कथा उन्हाळ्यातच पाठवा, जुलै-ऑगस्टपर्यंत अंक बहुतेक भरलेले असतात.

न्यूजर्सी_वरदा

परदेशातल्या वाचकांच्या वतीने एकच विनंती, ई-पुस्तक नक्की काढा. इथे छापील मराठी पुस्तक मागवलं की टपालखर्च पुस्तकापेक्षा जास्त होतो. आम्ही वाट बघतो अशा गोष्टींची, मिरजेत घडणारी प्रेमकथा तर मी त्याच रात्री वाचीन, माझं आजोळ आहे ते.

मिरजेची_सायली

तुम्हा सगळ्यांचे किती आभार मानू! पॅकेजवाल्यांना नाही म्हणून कळवलं आज. वाचनालयात बसून माहितीची पानं बघायला सुरुवात केलीय, खरंच खूप कळतं त्यातून, एका प्रकाशकाच्या तीन नव्या लेखिकांच्या दुसऱ्या आवृत्त्या निघालेल्या सापडल्या.

आता पत्राची सुरुवात बघाल का? मी असं लिहिलंय:

"माझी ही कादंबरी म्हणजे मानवी नात्यांचा हळुवार पट उलगडणारी, मनाचा ठाव घेणारी एक तरल प्रेमकहाणी असून ती सर्व वयोगटातील वाचकांना निश्चितच भावेल असा मला विश्वास वाटतो."

मुद्रितशोधक

सायलीताई, हे वाक्य कुठल्याही कादंबरीला लावता येईल. यात मिरज कुठाय, तंबोरा कुठाय? संपादकाच्या टेबलावर अशी "तरल" आणि "हळुवार" पत्रं रोज येतात. तुम्ही इथे आम्हाला एका ओळीत सांगितलंत तसं सांगा ना. तो काय करतो, तिला काय कळलंय, आणि त्यामुळे दोघांची अडचण काय झालीय. विशेषणं सगळी काढा, भावेल की नाही ते त्यांना ठरवू द्या.

कोल्हापूरची_वकील

आणि प्रेमकथा हा शब्द पहिल्याच ओळीत हवा. लपवायचं काही नाहीये त्यात.

मिरजेची_सायली

परत लिहिलं, बघा:

"सोबत 65,000 शब्दांच्या प्रेमकथेची पहिली तीन प्रकरणं आणि कथानक पाठवत आहे. समीर मिरजेत तंबोऱ्याची जवारी लावतो, म्हणजे सूर घुमेल अशी त्याची घोडी घासतो. त्याच्या कानावर घराचा धंदा चालतो आणि त्याचा उजवा कान बंद होत चाललाय. हे फक्त रूथला माहीत आहे, कारण कान-नाक-घशाच्या ओपीडीत त्याचा केसपेपर तिने काढला. तो तिला कुणाला सांगू नकोस म्हणून विनवायला येतो, तिथून गोष्ट सुरू होते. पंढरपूरकडून भोपळे आल्यापासून ते तंबोरा गायकाच्या हातात जाईपर्यंतच्या एका हंगामात ती घडते. मी स्वतः मिरजेची आहे, ही कारागिरी लहानपणापासून जवळून बघितली आहे."

ग्रंथपाल_वाई

हे वाचून मला पुस्तक हवंय. आमच्या दुपारच्या मंडळींना आत्ताच सांगून ठेवतो.

मुद्रितशोधक

एक अक्षर बदलू नका. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय, ते शेवटी एका वाक्यात घाला, विक्री बघणाऱ्या माणसाला त्याचा उपयोग होतो. खाली फोन नंबर आणि पत्ता. फाईलला नुसतं "कादंबरी फायनल" असं नाव नको, तुमचं नाव आणि कादंबरीचं नाव द्या, त्यांच्याकडे "फायनल" नावाच्या खूप फाईल असतात. एका वेळी दोन किंवा तीन प्रकाशकांना पाठवा आणि तसं पत्रात स्पष्ट लिहा, म्हणजे कुणाला फसवल्यासारखं वाटणार नाही. कुणाचा होकार आला की बाकीच्यांना लगेच कळवा.

मिरजेची_सायली

चालेल. सोमवारी दोन ठिकाणी पाठवते. करार आला तर वकीलताई, तुम्हाला व्यक्तिगत निरोप करू ना?

कोल्हापूरची_वकील

कर गं, नक्की कर. सही करायच्या आधी पाठव, आणि त्यांनी "आजच सही हवी" म्हटलं तरी दोन दिवस मागून घे.